शून्य सेकंदांची दाढ

खालची, डाव्या बाजूची, मागून दुसरी. ही दाढ अजून माझ्या तोंडात आहे आणि तिच्यातली नस जिवंत आहे. गार पाणी त्या बाजूला गेलं की एक कळ येते आणि लगेच जाते. ती आली की मला बरं वाटतं. हे कुणाला सांगितलं तर लोक विचित्र नजरेने बघतात, म्हणून लिहून ठेवते आहे.

दाताचं दुखणं कुणी आजारपणात धरत नाही. माझ्या मैत्रिणीला कावीळ झाली तेव्हा लोक शहाळी घेऊन भेटायला गेले. दाढेसाठी कुणी येत नाही. आलेच तर लवंग सुचवतात आणि स्वतःच्या दाढेची गोष्ट सांगत बसतात. मीही तेच करणार आहे. फक्त माझ्या गोष्टीत दाढेपेक्षा माणसांनी जास्त त्रास दिला, आणि त्या माणसांत मीही होते.

*

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही सिल्वासाजवळ राखोलीला राहत होतो. बाबा एका सुताच्या कारखान्यात मेंटेनन्स मॅनेजर होते आणि कारखान्याच्या कॉलनीत आम्हाला क्वार्टर मिळालं होतं. आई, बाबा आणि मी, एवढेच. माझी शाळा आधी नाशिकला झाली होती, इंग्लिश मीडियमची. बारावीला मार्क कमी पडले, इंजिनिअरिंग हुकलं, आणि एकोणिसाव्या वर्षी मी घरी बसून बाहेरून बी.कॉम. करत होते.

कॉलनीत कुणी विचारलं तर बाबा म्हणायचे, "ही आमची मुलगी. सध्या स्टँडबाय."

कारखान्यात पंपांच्या रांगेत एक पंप बंद ठेवलेला असतो, दुसरा बिघडला तर चालू करायला. त्याला स्टँडबाय म्हणतात. सगळे इंजिनिअर हसायचे. मीही हसायचे. न हसणं जास्त उठून दिसलं असतं.

दाढ दुखायला लागल्यावर मी तीन महिने उजव्या बाजूने जेवले आणि कुणाला काही बोलले नाही. लक्षात आलं ते मंगलबाईंच्या. त्या धुळ्याकडच्या, आमच्याकडे भांडी घासायला यायच्या, नवरा बाबांच्याच कारखान्यात होता. मी ताट घेऊन मोरीत गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

"दुखस ते सांगत काब नही, माय?"

"दुखत नाही," मी म्हटलं.

त्यांनी आईला सांगितलं. आईने बाबांना सांगितलं. बाबांनी मला खिडकीपाशी बसवून कारखान्याची बॅटरी तोंडात मारली आणि म्हणाले, "भोक आहे." मग आईकडे वळून, "घरात बसून एवढं एक तोंड सांभाळता आलं नाही हिला."

*

सिल्वासात किलवणी नाक्याजवळ एका कापडदुकानाच्या वर दवाखाना होता. डॉक्टर मुंबईहून शिकून आलेल्या, तिशीच्या आतल्या. सगळे त्यांना हिनाबेन म्हणत. मी खुर्चीत तोंड उघडून पडले होते आणि बाबा उभे होते. बाबांनीच सुरुवात केली.

"काढून टाका, मॅडम. बेअरिंग गेलं की बदलायचं. ग्रीस घालत बसायचं नाही."

"साहेब, दाढेला स्पेअर येत नाही," हिनाबेन म्हणाल्या. मग मला विचारलं, "बेटा, ठणकते की सणकते?"

मला फरक माहीत नव्हता. ठणका, कळ, सणक हे शब्द आमच्या घरात आईच्या गुडघ्यांसाठी होते, मी त्यांच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं.

"इंग्लिश मीडियमला घातलं, मॅडम, एवढी फी भरली," बाबा म्हणाले. "आता हिला धड दुखताही येत नाही."

हिनाबेन हसल्या नाहीत. "ठणकते म्हणजे आत कुणी हळूहळू हातोडी मारत बसलंय असं. सणकते म्हणजे सुई टोचली आणि निघाली."

"सुई," मी म्हटलं.

"गार लागल्यावर?"

"हो."

"मग राहते की जाते?"

"जाते."

"छान," त्या म्हणाल्या. माझ्या एखाद्या गोष्टीला 'छान' म्हटलेलं मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

त्यांनी तीन रस्ते सांगितले. दाढ काढायची. किंवा रूट कॅनाल करायचं, म्हणजे आतली नस काढून टाकायची आणि पोकळी भरायची. दाढ राहते, पण लाकडासारखी. तिसरा रस्ता असा की फक्त कीड काढायची, नसेवर औषध ठेवून दाढ बंद करायची आणि दोन महिने वाट बघायची. नस अजून बरी होण्यासारखी असेल तर आपली आपण बरी होते. नसेल तर मरते, आणि मग रूट कॅनाल आहेच. खात्री देता येत नाही, हेही त्यांनी सांगितलं.

बाबांचा चेहरा उजळला. "म्हणजे चालू मशीनवर दुरुस्ती! शटडाऊन न घेता!"

दाढेचं काय करायचं ते तिथेच ठरलं. मला कुणी विचारलं नाही, पण मला हवं होतं तेच झालं म्हणून मी काही बोलले नाही.

*

इंजेक्शनने अर्धा ओठ परक्यासारखा झाला. थोडा वेळ ड्रिल चाललं, मग हिनाबेननी ते बंद करून एक बारीक चमचा घेतला. "शेवटचं हाताने. मशीनला थांबायचं कळत नाही." त्या खरवडत होत्या तेव्हा त्यांच्या हाताची करंगळी माझ्या हनुवटीवर टेकलेली होती. त्या सगळ्या दोन महिन्यांत माझ्या चेहऱ्याला जे जे हात लागले त्यांत एवढी एक करंगळी मला आठवावीशी वाटते.

मग त्यांनी छोटा आरसा धरला. "बघ. ही तुझी नस."

टाचणीच्या डोक्यापेक्षा लहान लाल ठिपका होता. त्यावर रक्ताचा थेंब आला. ओला कापूस ठेवून त्या कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या. रक्त थांबल्यावर त्यांनी पांढरी पेस्ट कालवली आणि बाबांना सांगितलं की ही चुन्याच्याच जातीची असते.

"म्हणजे शेवटी चुनाच लावलात आम्हाला," बाबा म्हणाले आणि स्वतःच हसले.

वर सिमेंट बसवून झाल्यावर हिनाबेननी सूचना दिल्या. आठवड्यातून एकदा त्या बाजूला गार पाणी धरून बघायचं. कळ येऊन लगेच गेली तर नस जिवंत आहे. दोन-तीन आठवड्यांनंतरही कळ रेंगाळली किंवा आपोआप ठणकायला लागलं तर ताबडतोब यायचं. "आणि काहीच जाणवलं नाही, तरी या," त्या म्हणाल्या. "ते सगळ्यात वाईट."

हे शेवटचं मी ऐकलं. बाबा तेव्हा कोपऱ्यातल्या कॉम्प्रेसरवर वाकले होते. "मॅडम, बेल्ट ढिला आहे तुमचा," ते म्हणाले.

*

आठवड्याला एक रीडिंग बाबांना पटलं नाही. "त्यावरून काय कळणार? ट्रेंड दिसला पाहिजे."

म्हणून रोज संध्याकाळी सात वाजता. बाबा ड्युटीवरून येऊन अंघोळ करायचे, फ्रिजमधला बर्फाचा तुकडा नोज प्लायरमध्ये, म्हणजे लांब चोचीच्या पकडीत, धरायचे, दुसऱ्या हातात स्टॉपवॉच. मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर. बर्फ दाढेला पाच सेकंद टेकवायचा, काढायचा, आणि कळ गेली की मी "गेली" म्हणायचं. आकडा फ्रिजवर चिकटवलेल्या ग्राफपेपरवर जायचा. पहिल्या दिवशी एकोणीस.

दिवसभर मी सातची वाट बघायचे. कळ स्वतः तेवढी वाईट नव्हती. वाईट होतं ते तोंड उघडून बसणं, लाळ गळणं, आणि बाबांचे डोळे माझ्यावर नसून घड्याळावर असणं. डाव्या बाजूने जीभ फिरवून मी पुन्हा पुन्हा दाढ चाचपायचे. ती मेली तर हा कार्यक्रम संपेल असं मनात यायचं, आणि लगेच त्या लाल ठिपक्याची आठवण होऊन लाज वाटायची.

एका रविवारी बाबांनी स्क्रू ड्रायव्हर आणला. कारखान्यात चालू मोटरच्या बेअरिंगवर स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवतात आणि मूठ कानाला लावतात. आत खरखर ऐकू आली तर बेअरिंग जायला लागलं. बाबांनी स्पिरिटने टोक पुसलं, माझ्या दाढेवर टेकवलं आणि मुठीला कान लावून डोळे मिटले. त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर होता. इतक्या जवळ ते कित्येक वर्षांत आले नव्हते. मग त्यांनी बोटाने दांड्यावर दोनदा टकटक केलं आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"हलू नकोस. आवाज चांगला आहे."

मी आईला म्हटलं, मला हे नको. आई पोळ्या लाटत होती.

"थोडं सोस. बाकी कुठल्या गोष्टीत एवढं लक्ष घालतात ते तुझ्या?" ती म्हणाली. मग थांबून, "आणि मलाही जरा बरं पडतं. तोवर ते माझ्या मागे नसतात."

*

"गेली" लवकर म्हटलं की स्टॉपवॉच लवकर थांबतं, हे मला दुसऱ्या आठवड्यात सुचलं. त्या दिवशी कळ अजून होती आणि मी म्हटलं, "गेली."

"बारा! काल सोळा होते." बाबांनी माझ्या डोक्यावर थोपटलं.

एवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी दहा, मग आठ, मग पाच. ग्राफची रेघ जिन्यासारखी खाली येत होती. बारावीच्या निकालानंतर माझ्यामुळे बाबा खूश झाल्याची ही पहिलीच वेळ. खरी कळही कमी होत होती. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती दोन-तीन मोजेपर्यंतच राहायची. म्हणजे दाढ हिनाबेननी सांगितल्याप्रमाणे नीट बरी होत होती. पण ग्राफ तिच्या पुढे धावत होता आणि मला मागे फिरता येत नव्हतं. पाच, चार, दोन. चेहरा हलू न देण्याची सवय मी आरशासमोर बसून केली. दुपारी आई झोपली की बर्फ घेऊन मी एकटीच सराव करायचे.

मग एके दिवशी मी "गेली" म्हटलंच नाही.

"काय झालं?"

"आलीच नाही."

"झीरो?" बाबांनी पुन्हा बर्फ लावला. मी त्यांच्याकडे सरळ बघत राहिले. "झीरो!"

त्यांच्या कामात शून्य ब्रेकडाऊन म्हणजे सगळ्यात चांगला महिना. शून्य म्हणजे काय हे मला माहीत होतं. हिनाबेनचं ते वाक्य मी ऐकलं होतं. पण बाबा आईला हाक मारत होते, फ्रिजपाशी बोलावत होते, आणि माझ्याने बोलवलं नाही.

*

शनिवारी जोगळेकरकाका-काकू चहाला आले. काका बाबांच्याच कारखान्यात प्रॉडक्शनला होते. चहा झाल्यावर बाबा म्हणाले, "जरा आत चला, गंमत दाखवतो."

मी स्टुलावर बसले. मोठ्या माणसांसमोर तोंड उघडलं. बाबांनी या वेळी पाच सेकंदांऐवजी वीस सेकंद बर्फ धरला.

"एक, दोन, तीन," जोगळेकरकाका मोठ्याने मोजत होते.

कळ कानापर्यंत गेली, मग डोळ्यामागे. मी फ्रिजच्या मुठीकडे बघत राहिले.

"अहो, पोरगी आहे की पुतळा!" काकू म्हणाल्या. "माझा दात असता तर मी घर डोक्यावर घेतलं असतं."

"ते तुम्ही दात न दुखताही घेता," काका म्हणाले, आणि सगळे हसले. "सासरी पाठवताना ग्राफ सोबत द्या साहेब. 'टेस्टेड ओके' म्हणून."

टाळ्या वाजल्या. बर्फाचं पाणी गळ्यावरून आत गेलं होतं. मी पदवीच्या पुस्तकाचं निमित्त करून मागे मोरीत गेले आणि गाल धरून उभी राहिले. मंगलबाई भांडी घासत होत्या. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. हात धुऊन पदराला पुसले आणि मला आ करून स्वतःचं तोंड दाखवलं. खाली डावीकडे एकही दाढ नव्हती.

"एकेक करून काढल्या," त्या म्हणाल्या. "दर वेळी लोक म्हणत, मंगल किती सोसते. आता भाकरी कुस्करून खाते."

*

दोन महिने झाल्यावर आम्ही दवाखान्यात गेलो. बाबांनी ग्राफ टेबलावर पसरला.

"मॅडम, अकरा दिवस सलग झीरो."

हिनाबेननी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काहीच नाही?"

मी बाबांकडे बघितलं. "नाही."

त्यांनी कापसावर गार फवारा मारून दाढेला लावला. बर्फापेक्षा तो किती तरी गार होता. माझा चेहरा हलला नाही. त्यांनी परत लावला. तरी नाही. एक्स-रे फोटो काढला, फोटोत वाईट काही दिसत नव्हतं, पण जिवंत नस आणि मेलेली नस फोटोत सारखीच दिसते, असं त्या म्हणाल्या.

"सॉरी, साहेब. नस गेली."

"गेली म्हणजे?"

"मेली. जिवंत दाढेला गार लागतं."

"पण झीरो म्हणजे चांगलं ना?" बाबांचा आवाज लहान झाला होता. मी त्यांना दवाखान्यात, घरात, कारखान्यात कुठेही तसं बोलताना ऐकलं नव्हतं. मग त्यांनी ग्राफची घडी घातली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हिच्याकडून काही पुरं होतच नाही."

हिनाबेननी रूट कॅनालसाठी त्याच दिवशी दाढ उघडायचं ठरवलं. "इंजेक्शन लागणार नाही, मेलेल्याला दुखत नाही. पण दुखलंच तर डावा हात वर कर."

ड्रिल सुरू झालं. सिमेंट जाईपर्यंत काही नव्हतं. मी स्वतःला सांगत होते की बोल, आता बोल. एक वाक्य तर होतं. पण ते वाक्य बोलायचं म्हणजे ग्राफ खोटा, थोपटणं खोटं, जोगळेकरांच्या टाळ्या खोट्या. दाढ देऊन ते सगळं वाचत असेल तर वाचू दे, असं मला खरोखर वाटलं. मग ड्रिल दाढेच्या आतल्या भिंतीला लागलं. सुई टोचली, पण निघाली नाही. मला आरशातला लाल ठिपका दिसला. तो तिथेच खाली होता, दोन महिने अंधारात बरा होत होता, आणि ड्रिल त्याच्याकडे निघालं होतं.

मी हात वर केला.

"ए, हात खाली," बाबा मागून म्हणाले. "मॅडमना काम करू दे."

हिनाबेनचा पाय पेडलवरून निघाला. "दुखलं?"

"मेलेलं कसं दुखेल?" बाबा म्हणाले.

"दुखतंय," मी म्हटलं. तोंडात कापूस होता, म्हणून तो काढून पुन्हा म्हटलं. "दुखतंय. रोज दुखत होतं. मी खोटं सांगत होते."

"किती वेळ राहते?"

"तीन मोजेपर्यंत."

"मग जाते?"

"जाते."

त्यांनी तोंडावरचं फडकं खाली ओढलं. "पागल! जिवंत आहे ती! अजून थोडं खाली गेले असते तर मी माझ्या हाताने मारली असती." त्या रागाने ओरडल्या आणि मला ते इतकं योग्य वाटलं की मी रडायला लागले, चेहरा पुरता वेडावाकडा करून.

"साहेब," त्या म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा."

त्यांनी नवं सिमेंट भरलं. पक्कं भरणं सहा महिन्यांनी झालं. तेव्हा मी एकटी गेले.

*

आम्ही स्कूटरवरून परत निघालो. राखोलीचा पूल लागला, खाली दमणगंगा संथ होती. पुलाच्या मध्यावर बाबा मान न वळवता म्हणाले, "दोन महिन्यांचा माझा सगळा डेटा खोटा." पूल संपल्यावर म्हणाले, "तुझ्या तोंडावर काही दिसतच नाही, त्याला मी काय करणार?"

ग्राफ फ्रिजवर परत लागला नाही. चिकटपट्टीचे चार डाग मात्र बरीच वर्षं राहिले.

ज्यांना कुणाला दाढ उघडून नस वाचवायचा प्रयत्न करू या असं सांगितलं जाईल, त्यांच्यासाठी मला एवढंच सांगता येईल. खुर्चीत तुम्ही बसलेले असता. उत्तर दुसऱ्याला देऊ देऊ नका. किती दुखतं ते कमी करून सांगू नका, वाढवूनही नको. शूर म्हणून कुणी टाळ्या वाजवत असेल तर सावध राहा. माझी दाढ वाचली यात माझा मोठेपणा नाही. मी तिला जवळजवळ मारलीच होती. हात वर करायला अजून थोडा वेळ लावला असता तर आज मी ती लाकडासारखी वागवत असते.

पुढच्या उन्हाळ्यातली एक संध्याकाळ आठवते. आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. आईने फ्रिजमधलं पाणी दिलं आणि एक घोट चुकून डावीकडे गेला. कळ आली. मी सवयीने चेहरा आवळला आणि मग सोडून दिला. डोळे मिटले, तोंड वाकडं केलं, हाताने गाल धरला. आईचा घास हातात राहिला.

डोळे उघडले तेव्हा बाबा ताटाकडे बघत होते. त्यांचे ओठ हलत होते. एक. दोन. तीन.

"गेली?" त्यांनी विचारलं.

कळ केव्हाच गेली होती. मी गालावरचा हात तसाच ठेवला.

"अजून नाही," मी म्हटलं, आणि ते पुढे मोजत राहिले.